प्रिंटर भंगारात, शोध मात्र चालूच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०११ सालचा. विंडोज ७ घेऊन आला, पुढे फुकट मिळत होतं तेव्हा विंडोज १० वर गेला. हार्ड डिस्क अजून मूळचीच. सोसायटीचे हिशेब मी त्यावरच लिहितो.

गेल्या दिवाळीनंतर तो घोरायला लागला. शब्द आमच्या सौ.चा. आम्ही जेवायला उठलो की पाच-सात मिनिटांत आतून कुरकुर सुरू, कॅबिनेटवरचा लाल दिवा थरथरता. मी हात पुसत येऊन माउस हलवला की चिडीचूप. स्वयंपाकघरात दिवा लावला की उंदीर गप्प होतात ना, तसं.

दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निदान केलं, "काका, व्हायरस आहे. फॉरमॅट मारू, नाहीतर नवीनच घ्या." माझी नोकरी लेखा विभागात गेली. व्हाउचर बघितल्याशिवाय रक्कम मान्य करायची सवय नाही.

आधी राउटरची वायर काढली. कुरकुर चालूच. म्हणजे निदान तेवढ्या वेळात तरी बाहेरचं कुणी काही ओढून नेत नव्हतं. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे मोफत मिळणारं तपासणीचं साधनही चालवलं, काही निघालं नाही. मग पुतणीनं 'रिसोर्स मॉनिटर' उघडायला सांगितलं. कोणता प्रोग्रॅम या क्षणी डिस्कवरची कोणती फाइल चाळतोय, हे त्यात नावानिशी दिसतं. पंचाईत एवढीच, की माउसला हात लावला तर चोर पळणार. म्हणून ती खिडकी उघडी ठेवून, हात मांडीवर घेऊन बसलो. आमटी दोनदा गरम झाली. सातव्या मिनिटाला आकडे उसळले आणि सगळ्यात वर नाव आलं, 'सर्चइंडेक्सर', म्हणजे फाइली पटकन शोधता याव्यात म्हणून त्यांची सूची करणारा विंडोजचाच प्रोग्रॅम. दिवाळीत मी पेनड्राइव्हवरून फोटो आणि सोसायटीची जुनी इतिवृत्तं उतरवून घेतली होती, त्यांची सूची चालली होती. माणूस कामात असला की ही सूची आवरती घ्यायची आणि तो उठला की पुढे न्यायची, ही विंडोजची रीतच आहे. चोर कसला, घरचाच गडी निघाला. दोन रात्री मशीन चालू ठेवलं, त्याचं काम उरकलं.

तरी दिवा थांबेना. आता दर दहा सेकंदांनी एक टिचकी, मी समोर बसलो असतानाही. पुन्हा तीच खिडकी. या वेळी सापडली एक लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमची नोंदवही, सव्वाशे एमबीची. नोटपॅडमध्ये ती उघडेपर्यंत माझा चहा पिऊन झाला. आत इंग्रजीत एकच ओळ, फक्त तारीख-वेळ बदलत, लाखो वेळा: उपकरण सापडले नाही.

ते उपकरण म्हणजे आमचा प्रिंटर. चार वर्षांपूर्वी भंगारवाल्यानं नव्वद रुपयांना नेला! त्याच्याबरोबर आलेला मदतनीस प्रोग्रॅम मात्र दर दहा सेकंदांनी त्याला हाका मारत होता. कंट्रोल पॅनेलमधून काढला तरी त्याची सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड आपोआप चालणारा भाग, मागे राहिलीच, ती वेगळी बंद करावी लागली. लॉग मी हातानं पुसला. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण बसवताना दहा वेळा 'नेक्स्ट' दाबायला लावणाऱ्यांनी जाताना आपला पसारा पूर्ण उचलावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा वगैरे, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बँकेचं काम मी यावर करत नाही. हिशेबाला तो ठणठणीत आहे. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या फोनची वर्णनं येतात. एखाद्या आठवड्यात रिसोर्स मॉनिटरच्या त्या खिडकीचं चित्र छापून कोणता रकाना काय सांगतो ते मराठीत द्याल का? आमच्या इमारतीतच अशी तीन जुनी मशिनं आहेत आणि तिघांनाही 'फॉरमॅट मारा' असंच सांगितलं गेलंय.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, सातारा