केवळ सौंदर्यवती नव्हे

रविवार पुरवणीतील फ्रेंच अभिनेत्री देल्फीन सेरिग यांच्यावरील लेख वाचला. लेखात त्यांचे रूप आणि आवाज यांचे मनापासून कौतुक आहे, पण निम्मी सेरिग त्यात आलीच नाही. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये गर्भपात हा गुन्हा असताना, आपण तो केला आहे असे जाहीरपणे सांगणाऱ्या ३४३ स्त्रियांमध्ये त्यांची सही होती. कारकीर्द ऐन भरात असताना हे धाडस सोपे नव्हते. पुढे व्हिडिओ कॅमेरा हाती घेऊन त्यांनी फ्रान्स-अमेरिकेतील वीसहून अधिक अभिनेत्रींना बोलते केले. गाल खोल दिसावेत म्हणून जबडा मोडून घेण्याचा सल्ला आपल्याला मिळाला होता, हे जेन फोंडा त्यात सांगतात, तेव्हा अंगावर काटा येतो. शांताल आकेरमान या तरुण दिग्दर्शिकेच्या १९७५ च्या ‘जान दिएल्मान’ या चित्रपटात सेरिग स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलतात आणि कॅमेरा जागचा हलत नाही. हा अभिनय त्याच स्त्रीवादी विचारांतून आला होता. १९८२ मध्ये त्यांनी दोन मैत्रिणींसह पॅरिसमध्ये स्त्रियांच्या चित्रफितींचे संग्रहालय उभारले. लेखाचा दुसरा भाग छापून या कामाची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे