काटे साडेतीनवर, टोल अकराचे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला गुप्तहेरकथांवरचा पानभर लेख वाचला. १८४१ साली एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाने सुरुवात केली आणि लेखकमहाशय तिथून थेट १८८७च्या शेरलॉक होम्सवर उतरले. मधल्या शेहेचाळीस वर्षांत जणू कुणी कुणाचा खूनच केला नाही! त्याच काळात पॅरिसमध्ये एमिल गाबोरियो हा गृहस्थ वर्तमानपत्रांतून क्रमशः कादंबऱ्या लिहीत होता आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघत होते. त्याच्यासाठी तुमच्या पानात दोन ओळी निघाल्या नाहीत.

मी साहित्यातला नव्हे. मिरजेत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. पोरवयात बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार भाड्याने आणून वडिलांच्या नजरेआड, गल्ल्याखाली धरून वाचला, एवढीच माझी पात्रता. आता डोळ्यांच्या ऑपरेशननंतर अक्षर मोठं करून वाचतो. लेकीने टॅबवर गाबोरियोची इंग्रजी भाषांतरं उतरवून दिली, त्यात ‘ऑर्सिवालचा खून’ (१८६७) निघालं.

खोलीत सगळी उलथापालथ. घड्याळ जमिनीवर पडून बंद, काटे तीन वाजून वीस मिनिटांवर. सगळ्यांनी ठरवून टाकलं की खून त्याच वेळी झाला. लकोक नावाचा पोलिसांचा डिटेक्टिव्ह ते घड्याळ उचलून सरळ ठेवतो आणि मिनिटकाटा हळूच साडेतीनवर नेतो. घड्याळ अकरा टोल देतं.

मी टॅब खाली ठेवला आणि एकटाच हसलो. त्या काळच्या फ्रेंच घड्याळांत टोल मोजायला खाचांचं एक वेगळं चाक असायचं. ते दहानंतर अकरा, अकरानंतर बारा असं आपल्या क्रमाने चालतं, काटे कुठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. (अर्ध्या तासाला खरं तर एकच टोल, पण क्रम एकदा हुकला की साडेतीनला अकराही पडतात.) आमच्याकडे जुनी भिंतीवरची घड्याळं घेऊन गिऱ्हाइकं यायची, “तीनला नऊ ठोके देतंय हो, बिघडलंय.” बिघडलेलं काही नसायचं. घरात कुणीतरी टोल पुरते पडू न देता काटे भरभर फिरवलेले असायचे आणि विचारलं तर कुणी कबूल व्हायचं नाही. आतली तार उचलून एकेक टोल पाडत मेळ बसवला की झालं, दोन मिनिटांचं काम. लकोकने नेमकं हेच ओळखलं. काटे कुणीतरी हाताने सरकवलेत आणि घड्याळ थांबलं तेव्हा अकरा वाजायचे होते. गाबोरियो एखाद्या घड्याळजीच्या दुकानात नक्की बसला असणार, असं मला वाटून गेलं.

आणि अशा माणसाला होम्स पहिल्याच कादंबरीत काय म्हणतो? लकोक म्हणजे गबाळा. एका कैद्याची ओळख पटवायला त्याला सहा महिने लागले, मी चोवीस तासांत पटवली असती! ठीक आहे. पण त्याच कादंबरीत आरोपी सापडला रे सापडला की गोष्ट मागे उडी मारून अमेरिकेत जाते आणि जुनं वैर सांगत बसते. ही मांडणी कुणाची? गाबोरियोच्या ‘मस्य लकोक’ (म्हणजे ‘श्रीयुत लकोक’, १८६९) या कादंबरीचा दुसरा भाग असाच मागे १८१५मध्ये जातो. खुद्द कॉनन डॉयलने आत्मचरित्रात लिहिलंय की गाबोरियोची कथानकं एकमेकांत चपखल बसतात, त्याचं त्याला आकर्षण होतं. तिकडे मेलबर्नला फर्गस ह्यूम या लेखकानेही पुस्तकविक्रेत्याला विचारून, गाबोरियो खपतो म्हणून, त्याच्या कादंबऱ्या विकत घेतल्या आणि मग आपली लिहिली.

मला तर लकोक चुकतो म्हणूनच आवडतो. ‘मस्य लकोक’मध्ये बर्फातल्या पावलांवरून तो सगळा माग काढतो, ठशांचे साचे घेतो, वरिष्ठ त्याची टिंगल करतात, आणि एवढं करून कैदी हातावर तुरी देतोच.

गाबोरियो १८३२मध्ये सोजाँ या गावी जन्मला, कादंबरीकार पॉल फेवालचा सेक्रेटरी होता. त्याची ‘लरूज प्रकरण’ पहिल्यांदा छापली तेव्हा फारसं कुणी बघितलं नाही. १८६६मध्ये दुसऱ्या वर्तमानपत्रात पुन्हा आली आणि चालली. १८७३मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला.

कुणाला वाचायचा असेल तर ‘ऑर्सिवाल’पासून धरावा. त्यानंतर त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपात आलेली ‘बातिन्योलचा म्हातारा’ ही छोटी गोष्ट: मेलेल्या म्हाताऱ्याने रक्ताने अक्षरं लिहिलीत आणि रक्त लागलंय डाव्या हाताच्या बोटाला. ‘मस्य लकोक’चा दुसरा भाग मात्र मी वामकुक्षीत तीनदा हातातून टाकला. तो गाळला तरी चालेल.

आपला वाचक,
एक निवृत्त घड्याळजी, मिरज