ठकीबद्दल, तुमच्याशी बोलायचं आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की दोन मिनिटांत बाबांचा आवाज चढतो आणि मी गप्प होते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझ्याकडे सांभाळायला असलेल्या ठकी कुत्रीला कायमचं ठेवून घ्यायचं का, हे प्राण्यांच्या संस्थेला या महिनाअखेर कळवायचं आहे. माझं मन ‘हो’ म्हणतंय, पण तुम्हाला विचारल्याशिवाय कागदावर सही करणार नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात, घ्यायचंच तर पिल्लू घे, दहा वर्षांचं आजारी कुत्रं कशाला? पिल्लांना घरं मिळतात हो. ठकीसाठी आजवर एकाही घरातून विचारणा झालेली नाही. मी परत पाठवली तर ती पुन्हा पिंजऱ्यात जाईल. तिथली माणसं मनापासून करतात, पण शंभर जनावरांत हिचा झोपेतला श्वास कोण मोजत बसणार?

तो मोजावा लागतो. तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूची झडप नीट मिटत नाही, त्यामुळे रक्त थोडं थोडं मागे फिरतं. स्पिट्झसारख्या लहान कुत्र्यांना उतारवयात हा आजार बऱ्याचदा होतो. हृदय मोठं होत जातं आणि पुढे फुप्फुसात पाणी साचतं. ठकीला ते एकदा झालंय. म्हणून ती गाढ झोपली की मी छातीची हालचाल मिनिटभर मोजते. 30च्या आत असली तर निर्धास्त, सतत वर राहिली तर लगेच डॉक्टर. बारा-बारा तासांनी हृदयाला बळ देणारी पिमोबेंडनची गोळी, तीही जेवणाच्या तासभर आधी. शिवाय आजीला असायची तीच लघवीची लॅसिक्स. त्या गोळीने तहान लागते, रात्री उठून खाली न्यावं लागतं, पण पाणी तोडायचं नाही. किडनी आणि पोटॅशियमसाठी अधूनमधून रक्त तपासायचं. दात किडलेत, पण भूल देण्यात जोखीम आहे, म्हणून ते काम थांबवलंय.

आई, तू विचारलंस, एवढं करून बरी होईल का? नाही होणार. गोळ्यांनी झडप दुरुस्त होत नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे धाप न लागता जावेत, एवढ्यासाठीच हे सगळं. आणि ते दिवस तिला हवे आहेत गं! आली तेव्हा पलंगाखालून बाहेर येत नव्हती. आता भाजीच्या पिशवीचा आवाज आला की उठून दारात येते, गाजर मिळेपर्यंत हलत नाही. संध्याकाळी गॅलरीच्या गजांतून नाक बाहेर काढून खालची मुलं बघत बसते.

खर्चाचं म्हणाल तर या वयात, या आजारात विमा मिळणं कठीण आहे. मी दरमहा वेगळे पैसे बाजूला टाकते आहे, तुमच्यासाठी ठेवलेल्यांना हात लावणार नाही. आणि शेवटाचंही डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. औषधं लागू पडेनाशी झाली, श्वासासाठी ती बसून रात्र काढू लागली, तर तिला ओढत ठेवायचं नाही. हे बोलताना मला रडू आलं, पण ठरलंय.

खरी अडचण तुमच्या बाजूची आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन हिवाळ्यात आहे आणि त्या काळात मी वाईला तुमच्याकडेच राहणार, यात बदल नाही. बाबा दवाखान्यात असताना ठकीचं काही झालं, तरी मी बाबांपाशीच असेन. शेजारच्या काकू गोळ्या द्यायला आणि श्वास मोजायला शिकल्यात, दवाखान्यातले दिवस त्या सांभाळतील. पण बाबा घरी आल्यावर पुढचे आठवडे ठकीला तिकडे आणावं लागेल. खंबाटकी घाटातून पहाटे गाडीने आणीन, दुपारचं ऊन तिला सोसत नाही.

तर मला तीन गोष्टी कळवा. मागच्या पडवीत तिची गादी टाकली तर चालेल का? जिना तिला चढवत नाही. बाबा वॉकर घेऊन फिरतील तेव्हा ती पायात येऊ नये म्हणून पडवीला लाकडी फाटक बसवून घेता येईल का? आणि आई, देवघराजवळून कुत्रं गेलेलं तुला खरंच चालेल का? माझं मन राखायला हो म्हणू नकोस. नको असेल तर स्पष्ट सांग, मी काकूंशी जास्त दिवसांचं बोलून बघेन.

उत्तर पत्रानेच द्या, म्हणजे बाबांनाही सावकाश विचार करता येईल.

तुमची लेक