त्या रात्रीचे बारा हजार

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला एका नाट्यनिर्मात्यावरचा लेख दुपारी वाचला. रात्री झोप लागली नाही, म्हणून आज सकाळी लिहायला बसलो आहे. मास्तरकीतली जुनी सवय. हात लाल पेनाकडे जातो. निळं घेतलं आहे, याची नोंद व्हावी.

चाळीस वर्षांची कारकीर्द, प्रयोगांचे आकडे, पुरस्कार, शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरचा फोटो, सगळं उत्तम. निर्मात्याचं नाव मी घेत नाही, आपण पानभर घेतलंच आहे. माझी हरकत एकाच वाक्याला आहे, चौथ्या स्तंभातल्या. मराठवाड्याचे दौरे आपल्याला कधी परवडले नाहीत, कारण तिकडं नाटकाला प्रेक्षकच नव्हता, असं ते म्हणतात आणि आपला प्रतिनिधी ते मुकाट्यानं लिहून घेतो. एक उलट प्रश्न नाही. चहा बहुधा चांगला असावा.

प्रेक्षक नव्हता, तर मे 1988 मध्ये आमच्या गावातल्या जिनिंगच्या आवारात साडेआठशे माणसं काय सरकी वेचायला जमली होती?

मी तेव्हा शाळेत शिक्षक आणि गावच्या वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. वाचनालयाला स्वतःची खोली नव्हती, म्हणून मदतीचा प्रयोग लावायचं ठरलं. याच निर्मात्यांशी कॉन्ट्रॅक्ट केलं, बारा हजारांचं. चार हजारांचा डिमांड ड्राफ्ट दादरच्या पत्त्यावर आधी, उरलेले आठ हजार पडदा उघडण्यापूर्वी रोख. हिशेबाची वही अजून माझ्याकडं आहे, म्हणून आकडे खात्रीनं सांगतो. पुढं तीस रुपयांच्या दीडशे खुर्च्या, त्यामागं शाळेच्या बाकांवर वीस रुपयांचे तीनशे, आणि शेवटी ताडपत्रीवर दहा रुपयांत चारशे. एकूण एक तिकीट खपलं तर साडेचौदा हजार. खर्च कॉन्ट्रॅक्टचे बारा, वर मंडप, जनरेटर आणि मंडळींचं राहणं-जेवण मिळून तीन हजार आठशे. म्हणजे हाऊसफुल्लचा बोर्ड लावूनही तेराशेचा खड्डा! तो बुजवायला स्मरणिका काढली, मोंढ्यातल्या आडत दुकानदारांकडून दोन हजार सहाशेंच्या जाहिराती जमवल्या. एवढ्या धावपळीनंतर वाचनालयाच्या पदरात तेराशे रुपये पडणार होते. खोली नाही, पण खोलीचा दरवाजा आला असता.

रंगमंच नव्हता. चार ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकमेकींना खेटून उभ्या केल्या, चाकांना दगड लावले, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर सतरंज्या. नगर सोडून कडा-आष्टीच्या रस्त्यानं नेपथ्याचा ट्रक दुपारी चारला पोचला. बॅकस्टेजच्या पोरांनी आमच्या ट्रॉल्या पाहिल्या, पोटभर हसले आणि शर्ट काढून कामाला लागले. दिवाणखान्याचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या चौकटी, मंडपाच्या उंचीत बसेनात, तेव्हा मंडप सोडून परत बांधला. त्या पोरांनी आणि आमच्या हमालांनी मिळून सहापर्यंत मुंबईतला एक फ्लॅट जिनिंगच्या आवारात उभा केला, खिडकीच्या पडद्यासकट. त्या पोरांबद्दल माझी आजही तक्रार नाही.

सातला बस आली. एकेक कलाकार उतरला. पोस्टरवरचा चेहरा काही उतरला नाही.

त्या नटाची तेव्हा दूरदर्शनवर मालिका चालू होती, गाव त्याच्यासाठीच लोटलं होतं. निर्मात्यांचे मॅनेजर म्हणाले, मास्तर, त्यांचं शूटिंग निघालं, दुसरा मुलगा आणलाय, पाठांतर पक्कं आहे. मी म्हणालो, लोकांना काय सांगू? तर म्हणाले, कॉन्ट्रॅक्टमध्ये नाटकाचं नाव आहे, नटाचं नाही, वाचून बघा. मी वाचून बघितलं. खरंच नव्हतं. पोस्टर मात्र दादरहूनच छापून आले होते आणि त्यावर नाटकाच्या नावापेक्षा त्या नटाचं डोकं मोठं होतं.

आपल्या लेखाचे नायक स्वतः हजर होते. जिनिंगच्या ऑफिसात पंख्याखाली बसून केशर आंबा खात होते. मी गेलो तर मलाही एक फोड पुढं केली. धंद्यात असं होतं, मास्तर, पुढच्या हंगामात अर्ध्या दरात प्रयोग देतो, शब्द आहे माझा, असं म्हणाले आणि उरलेले आठ हजार मोजून घेतले. दहाच्या नोटा होत्या, बराच वेळ लागला. त्या वेळापुरता त्यांनी आंबा बाजूला ठेवला होता, हे नमूद करतो.

बदली नटाची घोषणा करायला मॅनेजर तयार होईनात. शेवटी मीच माइकवर गेलो. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी फाटकापाशी यावं, असंही सांगून टाकलं. हे सांगायला मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी बायकोनं हेच विचारलं होतं, कुणी सांगितलं होतं म्हणून. तीस रुपयांच्या दीडशेच्या दीडशे खुर्च्या रिकाम्या झाल्या. डॉक्टर, वकील, बँकेचे साहेब, कचेरीतली मंडळी. साडेचार हजार गेले. वीसवाल्यांतले शंभर उठले, त्यांचे दोन हजार. त्यातल्या शेवटच्या तिघांपर्यंत पेटीतले पैसे संपले, त्यांना उद्या या म्हणालो आणि वहीत नावं लिहून ठेवली. ताडपत्रीवरचा एकही माणूस हलला नाही. एक हमाल म्हणाला, "आता आलोत तर बघूनच जाऊ की, मास्तर." मग मी ताडपत्रीवाल्यांना पुढच्या खुर्च्यांवर बोलावलं. आमच्या गावात दहा रुपयांची माणसं तीस रुपयांच्या खुर्चीत त्या रात्री पहिल्यांदा बसली असतील.

आणि तो मुलगा चांगलं काम करून गेला. पहिल्या अंकात आवाज कापत होता, हे खरं. पण दुसऱ्या अंकात जनरेटर बंद पडला, तेव्हा मंडपवाल्यानं गॅसबत्ती आणेपर्यंत अंधारात त्यानं संवाद तोडला नाही. लोक चिडीचूप. टाळ्या पडल्या त्या त्याच्या हक्काच्या होत्या. त्याचं नाव ना पोस्टरवर, ना स्मरणिकेत. रात्री दीडला आमच्या ओसरीवर तो पिठलं-भाकरी खायला बसला. निर्मात्यांची गाडी तेव्हा निघून गेली होती. भाकरी मोडता मोडता त्यानं विचारलं, "सर, ते पुढचे लोक माझ्यामुळं उठले का हो?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही, कारण ते खोटं होतं. त्याला एका नाइटचे पंचाहत्तर रुपये मिळत होते.

हिशेब असा झाला: तिकिटांचे उरले आठ हजार, जाहिरातींचे दोन हजार सहाशे, खर्च पंधरा हजार आठशे. तोटा पाच हजार दोनशे. माझा पगार तेव्हा दोन हजारांच्या आत होता. भविष्य निर्वाह निधीतून घरदुरुस्तीसाठी म्हणून कर्ज काढलं आणि पुढं दोन वर्षं, न झालेल्या दुरुस्तीचे हप्ते पगारातून कापून गेले. घर अजून पावसाळ्यात गळतं. अर्ध्या दराच्या प्रयोगासाठी मी तीन पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं, तारखा पाहून कळवतो. अजून पाहत असावेत.

निर्माता म्हटला की माझ्या अंगावर काटा येतो, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. प्रभाकर पणशीकरांनी 1963 मध्ये नाट्यसंपदा ही संस्था काढली. त्याआधी 8 ऑक्टोबर 1962 ला दिल्लीत ते 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे म्हणून उभे राहिले होते आणि तो लखोबा त्यांना जन्मभर पुरला. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोलीचं नाटक धंद्याला उभं केलं आणि स्वतः 'वस्त्रहरण'मधला तात्या सरपंच होऊन हजारोंनी प्रयोग केले. हे दोघे निर्मातेही आणि नटही, त्यामुळं पोस्टरवरचा चेहरा बसमधून उतरायचाच. मोहन वाघांच्या हातात आधी कॅमेरा होता, मग चंद्रलेखा ही नाट्यसंस्था आली. सुयोग या नाट्यसंस्थेचे सुधीर भट 2013 मध्ये गेले. यांच्या कारकिर्दीत तोट्याची नाटकं नव्हती असं कोण म्हणेल? नाटक पडलं की पहिला बुडतो तो निर्माता, हे मला मान्य आहे. फक्त दौऱ्यावर तो बुडत नाही. तिथं बुडायला प्रत्येक गावात एक मास्तर, एक कापड दुकानदार किंवा एखादं गणेश मंडळ असतं. त्यांची कारकीर्द कुणी पानभर छापत नाही. छापावी असं माझं म्हणणं नाही, फोटोही बरे नसतात आमचे.

पण प्रेक्षक नव्हता, हे ऐकून घेणार नाही. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करणारे लक्ष्मण देशपांडे आमच्या मराठवाड्यातल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले. एकटा माणूस, बावन्न पात्रं, नेपथ्याचा ट्रक नाही, आणि बदली नट आणायची तर सोयच नाही. लंडनला निघालेलं ते वऱ्हाड कुणी पाहिलं मग, बसथांब्यावरच्या खांबांनी? चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांची जिगीषा ही नाट्यसंस्था औरंगाबादेतून मुंबईला गेली. 2012 मध्ये जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी राजकुमार तांगडे यांचं नाटक नंदू माधव यांच्या दिग्दर्शनाखाली केलं आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी त्यासाठी रांगा लावल्या. ज्या मुलखात नाटक पाहणारे नाहीत, तिथं नाटक करणारे उगवतात कुठून? 2017 मध्ये 97वं नाट्य संमेलन उस्मानाबादला झालं, एप्रिलच्या उन्हात. मीही गेलो होतो, डोक्याला उपरणं बांधून. संमेलनाच्या मांडवात आम्ही नाट्यवेडे असतो. पुरवणीत आलो की आम्ही नसतोच.

आता काही ठिकाणी नाट्यगृहं आहेत. त्यात स्वागत समारंभ होतात, पक्षांचे मेळावे होतात. एका जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या वर्षी नाटक पाहिलं तर मेकअपच्या खोलीत पाण्याचा जार बाहेरून आणावा लागला होता. त्यापेक्षा आमच्या ट्रॉल्या बऱ्या होत्या म्हणायचं. हा विषय वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र पत्र लिहीन.

त्यावरून आठवलं. गेल्या दिवाळीत एसटीच्या मुक्कामी गाड्यांबद्दल मी आपल्याला पत्र धाडलं होतं. आपण ते छापलंत, आभारी आहे. पण सव्वा पानाचं पत्र सात ओळींत आणलंत आणि ज्या गावची गाडी बंद झाली त्याच गावाचं नाव गाळलंत. परिणामी गाडी कुठली, हे आगारालाही कळलं नाही आणि वाचकांनाही. वर मथळा दिलात, 'प्रवाशांची गैरसोय'. आमच्याकडं कुणाची गैरसोय होते, हे मथळ्याशिवायही समजतं. निर्मात्यांच्या चाळीस वर्षांना पान मिळतं, आमच्या गाडीला सात ओळी. असो. जागेची अडचण आपल्यालाही असणार.

तर हे पत्र छापायचं झाल्यास कापू नये, निदान आकडे कापू नयेत. ते आंब्याचं काढलंत तरी चालेल, आंबा त्यांचा होता. आणि माझं नाव-गाव मात्र छापू नये ही विनंती. त्या रात्री उद्या या म्हणालो होतो ते तिघं दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा मी घरात असून नाही म्हणून सांगायला लावलं होतं. त्यातले दोघं अजून गावात आहेत, आणि आपला पेपर पारावर रोज मोठ्यानं वाचला जातो.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
जि. बीड