किती राहिलं?

पिरेअस,
२२ मार्च २०२६

प्रिय सुध्या,

पाडव्याच्या फोटोखाली तू विचारलंस, "किती राहिलं रे अजून?" मी नुसता अंगठा पाठवून गप्प बसलो. जहाजावर होतो तेव्हा याचं उत्तर केबिनच्या भिंतीवर असायचं. साइन-ऑफची, म्हणजे जहाजावरून उतरायची, तारीख आणि कॅलेंडरवरच्या फुल्या. आता इथल्या बंदराकाठच्या आक्ती मियाउली रस्त्यावरच्या ऑफिसात खुर्ची मिळाल्यापासून फुल्या मारायची सवय मोडली. तेव्हा आधी ग्रीक व्याकरण ऐक, उत्तराचं नंतर बघू. व्याकरण म्हटल्यावर तोंड वाकडं करू नकोस, यात तुझं पंचांगही येणार आहे.

सुरुवात माझ्या फजितीनं. पहिल्याच उन्हाळ्यात एजिना बेटावर निघालो होतो. बोटीच्या तोंडाशी तिकिटं तपासणारा एक म्हातारा उभा होता. बोट सुटायला किती वेळ आहे ते त्याला विचारायचं होतं. शब्द जुळवून ऐटीत म्हणालो, "पोसा ख्रोन्या मेनून?" त्यानं तिकीट हातात तसंच धरलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "ओ थेओस क्सेरी." म्हणजे देवास ठाऊक. मी विचारलं होतं, "किती वर्षं राहिली?"

गोची अशी, की 'ख्रोनोस' म्हणजे काळ आणि 'ख्रोनोस' म्हणजेच वर्ष. बोटीसाठी 'ओरा' हवा होता. तासा-मिनिटांचा हिशेब असला की 'पोसी ओरा मेनी?' दिवस, आठवडे, महिने असले की 'केरॉस', आणि हा केरॉस पुन्हा हवामानही. आज केरॉस कसा आहे म्हटलं की ऊन-पाऊस सांगायचं. माझा एक ग्रीक सहकारी यावरून मला चिडवायला लागला, तेव्हा मी त्याला आपला 'वेळ' शिकवला. वेळ लागला, पण वेळ झाली. लागला तर पुल्लिंगी, झाली तर स्त्रीलिंगी, शब्द तोच. त्यानंतर बिचारा काही बोलला नाही.

'ओरा' तुझ्या ओळखीचा आहे. पंचांगात तू होरा बघतोस ना, तोच हा, ग्रीकातून संस्कृतात आलेला. वराहमिहिराच्या काळी काहीजण म्हणत, 'अहोरात्र'मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की होरा उरतो. युक्ती झकास आहे, पण खरी नाही. मिनिटाला इथे 'लेप्तो' म्हणतात. लेप्तो म्हणजे बारीक, पातळ. आपल्या जुन्या ज्योतिषात अंशाचा साठावा भाग 'लिप्ता', तो हाच. सेकंद म्हणजे 'देफ्तेरोलेप्तो', दुसऱ्यांदा बारीक केलेला. आणि युरोच्या सेंटलाही लेप्तोच म्हणतात. त्यामुळे 'दहा लेप्ता राहिले' म्हणजे दहा मिनिटं की खिशातली चिल्लर, हे प्रसंग बघून ठरवायचं.

घड्याळ मात्र आपल्याला सोपं जातं. आठला पाच कमी म्हणायचं तर 'ओख्तो पारा पेंदे', आठ उणे पाच. पावणेआठ म्हणजे 'ओख्तो पारा तेतार्तो', आठात पाव कमी. पावणेआठ म्हणून वाढलेल्या माणसाला यात काय शिकवायचं?

पण मला खरी गंमत वाटली ती 'मेनो' या क्रियापदाची. 'पू मेनिस?' म्हणजे कुठे राहतोस? 'मेनो स्तोन पिरेआ', मी पिरेअसला राहतो. आणि 'मेनून देका लेप्ता', दहा मिनिटं राहिली. माणूसही राहतो, मिनिटंही राहतात, क्रियापद एकच, अगदी आपल्यासारखं. एक असलं की 'मेनी', अनेक असले की 'मेनून': एक तास राहिला, दोन तास राहिले. ज्याचा वेळ उरलाय तो पुढे षष्ठीत येऊन बसतो. 'मू मेनून त्रिस मिनेस', माझे तीन महिने राहिले. इंग्रजीत विचार करून बोललो की मी इथे हमखास अडखळतो, मराठीतून गेलो की सरळ पोचतो.

दुसरं एक. टपरीवर कॉफी सांगितली की पोऱ्या आतून ओरडतो, "एफ्तासा!" मी पोचलो. पोचलेला कुठेच नसतो, अजून साखरच ढवळत असतो. म्हणजे आपलं "आलो, आलो!" भूतकाळ वापरून भविष्याची थाप मारायची कला फक्त आपल्याकडेच आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. निघालो म्हणायला 'एफिगा', गेलो. तोही खुर्चीत बसूनच म्हणायचा.

इथून जवळच्या पेरामाच्या गोदीत जहाज दुरुस्तीला घेतलं की तिथला फोरमन दिवसातून वीसदा एक वाक्य म्हणतो: "देन् प्रोलावेनुमे." याला आपल्याकडे नेमका शब्द नाही. वेळेत होणार नाही, पुरणार नाही, गाठता येणार नाही, हे सगळं त्या एका क्रियापदात. फोडून बघितलं तर 'प्रो' म्हणजे आधी आणि पुढचा भाग घेणं, धरणं. वेळ निसटायच्या आधी धरायचं. गाडीही अशीच धरतात, कामही, माणूसही. माणसाबद्दल म्हणतात, "देन् तोन प्रोलावा." मला तो गाठता आला नाही, मी पोचेपर्यंत तो गेला. बाबांच्या वेळी मी कुठे होतो ते तुला माहीत आहे, खांदा तूच दिलास. हे वाक्य शिकवणीत आलं त्या दिवशी मी वही मिटून घरी आलो.

बरं, आता म्हातारी. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्या फ्रिजवर कागदाची एक बाई चिकटवलेली आहे, 'किरा साराकोस्ती'. ईस्टरच्या आधीच्या उपवासाचं हे त्यांचं कॅलेंडर. बाईला तोंड नाही, कारण उपवास. हात प्रार्थनेला जुळलेले, आणि पाय सात. दर शनिवारी एक पाय कापायचा. शेवटचा पाय कापला की दुसऱ्या दिवशी ईस्टर. काहीजण ती पीठ-मीठ मळून भाजतात, पण आजींची कागदाचीच. काल त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. चौथा पाय मी कापला आणि मोठ्यानं म्हणालो, "मेनून त्रिया." तीन राहिले. व्याकरण चुकलं नाही म्हणून त्यांनी एक सुकं अंजीर दिलं.

मग कात्री परत घेता घेता म्हणाल्या, "एसेना, पोसोस केरॉस सू मेनी?" तुझा किती काळ राहिलाय?

सुध्या, करार जूनअखेर संपतो. कंपनीनं आणखी दोन वर्षं विचारलं आहे, आणि ईस्टरनंतर त्यांना उत्तर हवंय. मला आकडा सांगता येत होता, शब्दही पाठ होते. तोंडातून एवढंच आलं, "मेनो." राहतो. अजून राहतोय, की विचारलंय तर राहतो, दोन्ही त्यातच. आजींनी मान हलवली आणि चहाचं पाणी ठेवलं. त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे.

आईला यातलं काही एवढ्यात बोलू नकोस. तिच्या गुडघ्याचं डॉक्टर नक्की काय म्हणाले ते मात्र मला खरं कळव, ती फोनवर "बरं आहे" यापलीकडे जात नाही. आणि पुढच्या रविवारी पहाटे इथली घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा आपल्यातलं अंतर साडेतीनचं अडीच तासांवर येईल. त्या हिशेबानं फोन कर, नाहीतर मागच्या वर्षीसारखा मीटिंगमध्ये वाजवशील.

तुझा,
नंदू