स्टॉर्म पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

माझी जुनी स्टॉर्म गाडी न्यायला आले त्या दिवशी आभार मानायचे होते. पण तुम्ही पेढ्यांचा पुडा उघडलासुद्धा नाहीत, तसाच पोरांकडे दिलात आणि दुसऱ्या गाडीच्या बॉनेटखाली वाकलात. बोलायचं राहून गेलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या तुमच्या शेडवरून जाणाऱ्यांनाही कळू दे, आत काय काम चालतं ते.

पहिले आभार किल्लीसाठी. टेम्पोतून गाडी उतरली तेव्हा सोबत आलेल्या प्रत्येकाला एकच घाई होती, नवी बॅटरी लावा आणि एक सेल मारून बघा. तुम्ही पुढे आलात, "किल्ली हिकडं द्या आधी" म्हणालात आणि ती शर्टाच्या खिशात टाकलीत. तिथंच गाडी वाचली असं मी आजही मानते. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल कधीच ओघळून गेलेलं असतं. रिंगा चिकटलेल्या असतात, टायमिंग बेल्टचं रबर वाळून कडक झालेलं असतं. अशा इंजिनाला एकदम सेल मारला तर जे शाबूत आहे तेही खरवडून निघतं. हे सगळं तुम्ही मला सांगितलंत. माझ्या भावाला नाही, मला. गॅरेजात बाई गाडी घेऊन गेली की बोलणं तिच्यासोबत आलेल्या पुरुषाशी होतं, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. तुम्ही पहिल्या दिवसापासून "हे बघा, ताई" म्हणून टॉर्च माझ्या हातात दिलात. पुढं ताईची पोरी झाली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॅन स्टॉर्म ही आपल्या शेजारच्या गोव्यातल्या सॅन मोटर्सची, नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाजारात आलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. वरचा टप काढता येतो, अंग फायबरचं, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं. ताकद ६० हॉर्सपॉवरच्या आसपास. आकडा लहान वाटेल, पण गाडी हलकी आणि जमिनीला धरून चालणारी. फार थोड्या रस्त्यावर आल्या आणि उत्पादन केव्हाच बंद झालं. माझी लाल स्टॉर्म कळंब्याकडच्या एका शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. आधीच्या मालकांच्या घरातली माणसं पुण्याला गेलेली, जागा रिकामी करायची होती, म्हणून नव्या स्कूटरच्या भावात मिळाली.

"गाडी स्वस्त मिळाली, काम स्वस्तात व्हायचं न्हाई." हे तुम्ही गाडी उतरायच्या आधीच सांगितलंत आणि डायरीचं पान फाडून त्यावर कामांचा क्रम लिहून दिलात. आधी ब्रेक, मग टायर, मग पेट्रोलची लाइन, मग इंजिन, मग वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. गाडीच्या किमतीहून जास्त खर्च येणार हेही त्याच पानावर होतं. ते पान मी जपून ठेवलंय. इतका सरळ हिशेब मला त्याआधी कुणी दिला नव्हता.

त्याआधी एका गॅरेजनं मला सांगितलं होतं की हे इंजिन काढून टाका, दुसऱ्या गाडीचं बसवा, सोपं पडेल. तुम्ही ऐकलंत आणि मान हलवलीत. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी घ्या, आरसी बुकावरचा इंजिन नंबर बदलून घ्या, ही दगदग तर होतीच. पण तुमचं खरं म्हणणं वेगळं होतं. "ह्या इंजिनाचा गुन्हा काय? ते खराब हाय हे कुणी बघितलंय का?" खरंच कुणी बघितलं नव्हतं.

तुमचा पहिला प्रश्न तर फक्त कोल्हापूरचा मेस्त्रीच विचारेल असा होता. "२०१९ ला पाणी आलतं काय तितं?" शेड उंचावर आहे, पुराचं पाणी तिथवर आलं नव्हतं, हे मी सांगितलं. तरी तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवला नाहीत. सीट काढल्या, सीटच्या पट्ट्यांच्या खाचांत बोट फिरवून गाळ आहे का बघितलंत, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ शोधलीत, गालिच्याखालचा फोम दाबून वास घेतलात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर वरून धुऊन पुसून विकलेल्या गाड्या तुमच्या शेडमध्ये किती आल्या असतील, ते तुमच्या त्या बोटांकडे बघून कळत होतं. गाळ नव्हता. "मग हिच्यात जीव हाय," एवढं म्हणालात.

आता जे मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते. इंजिन फिरवण्याचा दिवस.

एअर फिल्टरचा डबा उघडला तर उंदरांनी आत पूर्ण घर केलेलं, चिंध्या आणि भुईमुगाची टरफलं गच्च भरलेली. सेल मारला असता तर हे सगळं इंजिनानं आत ओढलं असतं. तुम्ही काही न बोलता तो डबा माझ्यासमोर धरलात. मग चारही स्पार्क प्लग काढले, सिरिंजनं प्रत्येक भोकातून थोडं थोडं ऑइल सोडलं आणि गाडी तशीच ठेवून घरी जायला सांगितलंत. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावलात. पाना हलेना. तुमच्या पोरानं लांब पाइप आणला, पान्याला जोडून जोर लावू म्हणाला. तुम्ही तो पाइप त्याच्या हातातून घेतलात आणि भिंतीला टेकवून ठेवलात. पुन्हा थोडं ऑइल, पुन्हा वाट. जोर वाढवायचा नाही, वेळ वाढवायचा, हे तुम्ही तोंडानं सांगितलं नाहीत. पण त्या पोरानं ते बघितलं आणि मीही बघितलं. शेवटी पाना हातभर सरकला. न कुरकुरता, अगदी सहज, जणू अडकलंच नव्हतं. तुम्ही एक पूर्ण फेरा हळूहळू घेतलात, कान इंजिनाकडे लावून. मग पाना माझ्या हातात दिलात. तो दुसरा फेरा मी फिरवला. चारही सिलिंडरमधून हवा फुसफुसत बाहेर येत होती आणि ती माझ्या मनगटाला कळत होती. मेस्त्री, गाडी चालवण्याचा आनंद पुढं मिळालाच. पण हा त्याहून मोठा होता.

टायमिंग बेल्ट तुम्ही तेव्हाही तसाच चालवला नाहीत. किलोमीटर कमी पडलेत म्हणून बेल्ट नवा राहत नाही, रबराचं वय वर्षांनी मोजायचं, हे तुमचं म्हणणं. हेच इंजिन रेनॉनं युरोपात क्लिओ आणि ट्विंगोला दिलेलं, म्हणून बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बाहेरून मागवता आले. येईपर्यंत थांबायला लागलं. त्या वेळात तुम्ही क्लच सोडवलात. प्लेट फ्लायव्हीलला घट्ट चिकटली होती. पेडल दाबून लाकडी ठोकळ्यानं तसंच धरून ठेवलंत आणि गिअरमध्ये घालून गाडी मागं-पुढं हलवत राहिलात. टक्कन आवाज आला तेव्हा शेडमधली सगळी पोरं ओरडली.

ब्रेकचं काम मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलं की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात सतत ब्रेक लागले की ते आत उकळतं, वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. पन्हाळ्याचा उतार डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही मला हे सांगितलंत. सगळं जुनं ऑइल काढलं, रबरी पाइप बदलले. कॅलिपरच्या पिस्टनना गंजानं खड्डे पडले होते आणि तयार पिस्टन कुठंच मिळेनात. तुम्ही जुना पिस्टन कागदात गुंडाळलात आणि मला घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या टर्नरकडे गेलात. त्यांनी मापं घेतली आणि लेथवर स्टेनलेसचे नवे पिस्टन काढून दिले, आरशासारखे लखलखीत.

परदेशी मालाची वाट बघत न बसता बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला, जिथं यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून मानानं घेतात, त्या गावात दुसरं काय होणार! पण मी इथं वाढून, उद्यमनगरातून रोज ये-जा करून, हे असं उभं राहून पहिल्यांदाच बघितलं. इंजिनाचे माउंटिंग रबर ओतून घेणारे, रेडिएटरचा आतला गाभा बदलणारे, उंदरांनी कुरतडलेली वायर न् वायर टेस्ट लॅम्पनं शोधणारे वायरमनकाका, सगळे तुमच्या एका हाकेच्या अंतरावर. त्या सगळ्यांनाही माझा नमस्कार सांगा.

पेट्रोलच्या टाकीबद्दल लिहायलाच हवं. आतल्या जुन्या पेट्रोलला व्हार्निशचा वास येत होता आणि तळाशी डिंकासारखा थर बसला होता. टाकी उतरवून धुतली, पंप बदलला, इंजेक्टर साफ करून आणले. मला वाटलं झालं. तुम्ही म्हणालात, पाइपही सगळे बदलायचे. आता पंपावर मिळतं त्या ई-२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि ते ह्या काळातल्या रबराला खातं. "आपल्याच उसाचं हाय, पण जुन्या रबराला सोसत न्हाई." साखर कारखान्यांच्या ह्या जिल्ह्यात ते वाक्य ऐकताना मला गंमत वाटली आणि तुमचं बारकाईचं लक्षही कळलं. इथेनॉल सोसणारे पाइप तुम्ही एकेक करून बसवलेत.

टायरची नक्षी नव्यासारखी दिसत होती. तुम्ही मला गुडघ्यावर बसवून कडेवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचायला लावलेत, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वाचून झाल्यावर समजावायला काही उरलं नाही.

मग तो दिवस आला. प्लग काढूनच आधी सेल मारलात, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग बसवले, बाहेरच्या डब्यातून ताजं पेट्रोल दिलं आणि खिशातली किल्ली काढून मला दिलीत. इंजिन सुरू झालं. निळसर धूर झाला, पोरं टाळ्या वाजवायला लागली. तुम्ही मात्र रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवून उभे. पाइप गरम होईपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, तुमचा चेहरा हलला नाही. मग हसलात.

आरटीओचं थोडक्यात. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं रीपासिंग, पर्यावरण कर, नवी नंबर प्लेट, सगळं रीतसर झालं. पासिंगला तुम्ही स्वतः आलात, बोलावलं नव्हतं तरी. ब्रेक बघणाऱ्या साहेबांसमोर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. बोलायची गरजही पडली नाही.

तुमच्या बिलाचंही लिहिते, कारण ते लोकांना कळायला हवं. प्रत्येक भागाची पावती, प्रत्येक दिवसाची मजुरी, आणि काढलेले सगळे जुने भाग एका पोत्यात भरून परत. मजुरी तुम्ही कमी लावलीत. मी विचारलं तर म्हणालात, आम्हाला पण शिकायला मिळालं. मेस्त्री, मला ते मान्य नाही. राहिलेली रक्कम मी पोरांच्या हत्यारांसाठी देणार आहे, टॉर्क रेंच, म्हणजे मोजून जोर लावायचा पाना, घ्यायचा असं तुम्ही म्हणत होतात ना, तो घेऊया.

पन्हाळ्याला जाऊन आले. टप उघडा ठेवून, वाघबीळमार्गे. उतरताना पेडल वरपासून खालपर्यंत घट्ट राहिलं. आई बाजूला बसली होती. तिनं आधी देवाचं नाव घेतलं आणि मग तुमचं.

काही कामं उरलीत. डाव्या दाराची काच अजून मध्येच अडकते. टपाच्या मागच्या शिवणीतून पाऊस आत येतो, त्यासाठी कुशनवाल्यांशी बोलते. फायबरला दोन ठिकाणी केसासारख्या चिरा आहेत, त्या रंगाच्या वेळी भरू. खालच्या लोखंडी चौकटीला गंजरोधक रंग मारायचा तुम्ही म्हणालात, तो पावसाळ्याआधी मारून घेऊ.

आणि एक मागणं आहे. काम चालू असताना तुम्ही म्हणाला होतात की महाराजांची जुनी मेबॅक गाडी दसऱ्याला दिमाखात येते, कारण तिला वर्षभर कुणीतरी बघतं. यंदा खंडेनवमीला तुमच्या हत्यारांसोबत स्टॉर्मची पूजा तुमच्या शेडमध्येच करू. दुसऱ्या दिवशी दसरा चौकाकडे जाताना बाजूच्या सीटवर तुम्ही बसा. गर्दीत गाडी पुढं नेता येणार नाही, तेव्हा लांब कुठंतरी लावू आणि चालत जाऊ. शेड कधी झाडायचं ते कळवा. झेंडू आणि आंब्याचे डहाळे मी घेऊन येते.

तुमची,
स्टॉर्मवाली पोरगी
कोल्हापूर