तेराव्यानंतर

बांदोडे, फोंडा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचा निरोप मिळाला. काल आजीचा तेरावा पार पडला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला आणि त्याच संध्याकाळी तू दाबोळीवरून विमान धरलेस; रजा संपली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रोजचे भजन आणि चाळीस माणसांचा चहा-फराळ हा निव्वळ देखावा आहे, असे तू म्हणालास आणि मी सर्वांदेखत आवाज चढवला, ते मात्र चुकले. मला खरे टोचत होते ते वेगळेच. आजी गेल्यापासून तू एकदाही रडला नाहीस.

भजनाला बसणाऱ्यांपैकी निम्मे बेसूर गातात, हे मलाही मान्य आहे. परंतु पखवाज वाजत असला की कोणाला हुंदका आला हे शेजारच्यालाही कळत नाही. तू तेवढा वेळ मागील दारी फोन घेऊन उभा असायचास. असो, उपदेश करायचा नाही असे ठरवूनच लिहायला बसलो होतो.

1982 साली आजोबा गेले तेव्हा मी 19 वर्षांचा होतो. अग्नी दिला, अस्थी विसर्जन केले, डोळ्यांतून टिपूस नाही. पोर धीराचे आहे, असे लोक म्हणत. तेराव्याला आत्याने पानात मणगणे वाढले, गूळ आणि नारळाच्या रसाचा तो वास आला, आणि वाटी पुढे करून ‘आणखी’ म्हणणारे आजोबा आठवून मी भर पंक्तीत रडलो. कोणी समजावले नाही. शेजारच्याने फक्त माझे पान थोडे बाजूला सरकवले, आसवे त्यात पडू नयेत म्हणून.

पहिल्या दिवशी आपली चूल पेटली नव्हती, तेव्हा वाड्यावरच्या शेजाऱ्यांकडून उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोरे, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, आली. ती पातेली आज तुझी आई एकेक ओळखून, रिकामे भांडे परत करू नये म्हणून प्रत्येकात थोडे मणगणे घालून पाठवते आहे. समोरच्या ख्रिस्ती काकीचे मी स्वतः नेऊन दिले. तिच्या अंगणातल्या क्रुसाजवळच्या लदिनीच्या प्रार्थनेनंतरचे उकडलेले चणे आजी पदरात बांधून तुझ्यासाठीच आणायची. काकीने पहिलाच प्रश्न केला, ‘नातू रडलो?’

मडके धरून पुढे चालताना वळून पाहू नये म्हणतात, मी पाहिले. तू सर्वांत उंच, तिरडी एका बाजूने वर राहू नये म्हणून गुडघे वाकवून स्मशानापर्यंत चाललास. ते कोणी शिकवले नव्हते. तुझ्या आईलाही मी हे अजून सांगितलेले नाही.

मणगण्याची कृती तिने पाठीमागे लिहिली आहे. चणाडाळ तिथे मिळत असेलच. केलेस तर कोणाला तरी जेवायला बोलाव, एकट्याने खाऊ नकोस. आणि जेवताना डोळे भरून आलेच तर... पुन्हा तेच लिहिले, क्षमा कर.

वर्षश्राद्धाची तिथी भटजींना विचारून कळवतो, रजा आधीच मागून ठेव.

तुझा,
बाबा